तूट कधी संपली म्हणायची? जायकवाडी २०२३-२४

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात १५ ऑक्टोबर ही तारीख सणासारखी लक्षात ठेवतात, फक्त गोडधोड कुणाच्याच घरी होत नाही. पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, त्या दिवशी उपयुक्त (प्रत्यक्ष वापरता येणारा) साठा किती, हे पाहून नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतले पाणी खाली सोडायचे की नाही ते ठरते. साठा ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असला तर वरच्यांची सुटका. कमी असला तर वरच्यांनी सोडायचे. २०२३ साली त्या तारखेला आकडा ४७ टक्क्यांच्या आसपास होता.

पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्ट सरता सरता, तोच आकडा पासष्टीच्या पुढे गेला आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात धरणाचे दरवाजे उघडावे लागले. म्हणजे टंचाई वाटून घेण्याची अट लागू झाली आणि साधारण साडेदहा महिन्यांनी गळून पडली. लागू होताना आदेश, मोर्चे, याचिका, पोलीस बंदोबस्त, सर्वोच्च न्यायालय, सगळे झाले. गळून पडताना कुणाची सही लागली नाही, कुठले पत्र निघाले नाही. पाण्याच्या भांडणात ही दुसरी बाजू कुणी बघत नाही, म्हणून हे प्रकरण मी त्या टोकाकडून वाचतो आहे.

धरण आणि त्याच्या वरची धरणे

जायकवाडीचे नाव बीड जिल्ह्यातल्या गावाचे आणि धरण पैठणला, ही गंमत मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. धरण आधी त्या गावाजवळ आखले होते, नंतर ते वर सरकले आणि नाव मात्र तेच राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे. एकूण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे १०२ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडा जास्त, आणि त्यातला उपयुक्त साठा २१७१ दलघमी, सुमारे ७६.६५ टीएमसी. डावा कालवा २०८ किलोमीटरांचा, जालना आणि परभणीकडे जाणारा. उजवा १३२ किलोमीटरांचा, बीडकडे वळून माजलगावच्या धरणाला हातभार लावणारा. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे पिण्यासाठी याच पाण्यावर आहेत.

प्रकल्प आखताना हिशेब असा होता: पैठणपर्यंत गोदावरीत ७५ टक्के विश्वासार्हतेने १९६ टीएमसी पाणी येईल, त्यातले ११५ वरच्या भागाने वापरावे, ८१ जायकवाडीला मिळावे. विश्वासार्हता म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तेवढे पाणी मिळायला हवे. पुढच्या काळात वर धरणे वाढत गेली आणि जुन्या हिशेबातले पाणी खरेच आहे का, यावरच शंका आल्या. दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा, निळवंडे, पालखेड समूहातली धरणे अशी वरची यादी लांब आहे. मुळा २६ टीएमसीचे, भंडारदरा अकरा, निळवंडे सव्वाआठ. यांतले एकही एकट्याने जायकवाडीची बरोबरी करत नाही. सगळी मिळून मात्र नदी अडवून धरायला पुरेशी आहेत.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण वर्तमानपत्री भाषेत ती हरवते. हा वाद 'नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा' असा छापला जातो. पण नांदूर मधमेश्वरहून निघणारा जलद कालवा वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांना पाणी देतो, आणि ते तालुके मराठवाड्यातलेच. उलट शेवगाव, नेवासा या नगरच्या तालुक्यांतली कितीतरी शेती जायकवाडीच्या फुगवट्यातून पंपाने पाणी उचलते. वरचे कोण आणि खालचे कोण, हे जिल्ह्याच्या हद्दीवरून कळत नाही. आपली विहीर किंवा चारी कुठल्या पाण्यावर भरते, त्यावरून कळते.

६५ कुठून आले

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ सालचा. त्याचे कलम १२(६)(ग) म्हणते की खोऱ्यातल्या टंचाईची झळ सगळ्यांना सारखी बसावी, म्हणून दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरायोग्य पाण्याची टक्केवारी, खरिपात वापरलेले पाणी धरून, साधारण सारखी राहील असे नियंत्रण करावे. कायद्यात ६५ हा आकडा नाही. १५ ऑक्टोबरही नाही. तिथे फक्त 'साधारण सारखी' हा शब्दप्रयोग आहे, आणि शेतावर उभे राहून तो कुणालाच मोजता येत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळाने हे उघडे पाडले. मग मेंढेगिरी समिती नेमली गेली, २०१३ साली तिचा अहवाल आला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्या अहवालाच्या आधारे आदेश काढला. अहवालातला सहाव्या क्रमांकाचा तक्ता हा या सगळ्या भांडणाचा मूळ कागद. जायकवाडी अमुक इतके भरले असेल तर वरच्या कोणत्या धरणसमूहाने किती ठेवायचे आणि किती सोडायचे, हे त्यात मांडले आहे. पासष्टीची रेषा तिथून आली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचा आदेश उचलून धरला.

तक्ता चालला. २०१४ साली ७.८९ टीएमसी, २०१५ साली १२.८४, २०१८ साली ८.९९ टीएमसी सोडण्याचे ठरले. नंतरची चार वर्षे पावसाने निभावून नेली. एकदा सगळी धरणे भरली की तक्त्याची आठवणही कुणी काढत नाही. २०२३ ला ती पुन्हा निघाली तेव्हा बऱ्याच गावांत नवी पिढी शेती करत होती आणि जुनी भांडणे तिने फक्त ऐकली होती.

ऑक्टोबर ते नोव्हेंबर २०२३

६५ टक्के म्हणजे सुमारे ४९.८ टीएमसी, ४७ टक्के म्हणजे सुमारे ३६. सरळ वजाबाकी केली तर जवळपास पावणेचौदा टीएमसी येतात. सोडण्याचा आदेश निघाला तो ८.६०३ टीएमसीचा. मराठवाड्यात बरेच लोक इथेच अडकतात: तूट चौदाची आणि पाणी साडेआठ, मग बाकीचे कुणी खाल्ले? उत्तर कायद्याच्या त्या कलमात आहे. खरिपात वापरलेले पाणीही हिशेबात धरले जाते, त्यामुळे धरणात दिसणारी टक्केवारी आणि हिशेबातली टक्केवारी एक नसते. शिवाय वरच्या समूहांनी किती द्यायचे ते त्यांच्या स्वतःच्या भरण्यावरही ठरते. ज्याच्याकडे जास्त उरले त्याने जास्त सोडायचे.

गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने ३० ऑक्टोबरला आदेश काढला. मुळेतून २.१०, प्रवरेतून म्हणजे भंडारदरा-निळवंड्यातून ३.३६, गंगापूर समूहातून ०.५, दारणा समूहातून २.६४३. दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत मराठवाड्यातले तालुके होतेच, पण नाशिक जिल्ह्यातले सिन्नर, येवला आणि मालेगावही होते. सिन्नरच्या माणसाच्या बाजूने हे पाहा: तुमचा तालुका दुष्काळी, असे एका दिवशी सरकार म्हणते, आणि तुमच्या जिल्ह्यातले पाणी खाली सोडा, असे त्याच्या आदल्या दिवशी महामंडळ म्हणते. दोन्ही आदेश आपापल्या नियमांनी बरोबर. तरीही ते एकत्र वाचणाऱ्याचे डोके फिरणारच.

ऑक्टोबरअखेर ही कायद्याची मुदत. पाणी सुटले ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मधल्या तीन-साडेतीन आठवड्यांत वरून याचिका झाल्या, खालून रस्ते अडवले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सोडण्याला स्थगिती दिली नाही तेव्हा दरवाजे उघडले. या उशिराची किंमत दोन्हीकडे मोजली गेली. वर रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी आणि किती मिळणार ते कळेना, म्हणून गहू पेरायचा की हरभऱ्यावर भागवायचे ते ठरेना. खाली नदीचे पात्र आणखी सुकले. आणि सुकलेले पात्र आधी स्वतःची तहान भागवते.

पाणी सुटते तेव्हा

धरणातून पाणी सोडणे हे कागदावर एका ओळीचे काम आहे. प्रत्यक्षात त्याआधी नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. गावाने त्या पावसाळा सरताना मोठ्या आशेने बसवलेल्या असतात, त्या काढायला खात्याची माणसे आली की गाव गोळा होते. काठावरच्या पंपांची वीज तोडली जाते, बंधाऱ्यांवर पोलीस बसतात, जमावबंदी लागते. विसर्ग जितका मोठा आणि सलग, तितका वाटेतला तोटा कमी. थेंबथेंब सोडलेले पाणी वाळूतच जिरते. म्हणून थोडे दिवस, जोराने सोडायचे, ही रीत. प्रवरेचे पाणी संगमनेर, ओझर, श्रीरामपूर, नेवासे असे उतरत प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. दारणा-गंगापूरचे नांदूर मधमेश्वर ओलांडून कोपरगाव, वैजापूरच्या कडेने येते.

आता या प्रकरणातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा धागा. आदेशातले ८.६०३ टीएमसी हे वरच्या धरणांच्या दारात मोजायचे आहे. मुळेच्या दारातून २.१० गेले की मुळेची जबाबदारी संपली. ते पाणी नाथसागरात पोहोचले किती, वाटेत जिरले किती, काठावरच्या मोटारींनी रात्रीतून ओढले किती, याने मुळेच्या जबाबदारीत फरक पडत नाही. वरच्यांसाठी बंधन उठते ते स्वतःच्या दारात. खालच्यांसाठी ते उठायला हवे आपल्या दारात, पाणी आल्यावर. या दोन दारांमधल्या वहनव्ययाला, म्हणजे वाटेत होणाऱ्या तोट्याला, मालक कुणीच नाही. दर वेळी 'किती सोडले' आणि 'किती पोहोचले' असे दोन आकडे चर्चेत येतात, दोन्ही बाजू आपापला धरून बसतात, आणि दोघेही खरे बोलत असतात.

वरच्यांचा दुसरा मुद्दाही हलका नाही. नाथसागर उथळ आणि पसरट आहे, बुडीत क्षेत्र सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. असल्या ताटात पाणी ठेवले तर उन्हाळ्यात सूर्य आपला वाटा आधी घेतो. निळवंड्याच्या खोल, अरुंद दरीत तेच पाणी जास्त टिकते. 'आमचे पाणी नेऊन उन्हात वाळत घालता' हे वाक्य मी वरच्या भागात वेगवेगळ्या शब्दांत ऐकले आहे. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण बाष्पीभवन कमी होते म्हणून सगळे पाणी वर ठेवायचे, हे खालच्या घरातल्या रिकाम्या हंड्याला समजावून सांगता येत नाही. संभाजीनगरला नळाला आधीच किती दिवसांआड पाणी येते, हे ज्याला माहीत आहे त्याने हा युक्तिवाद तिथल्या एखाद्या वसाहतीत करून बघावा.

उन्हाळा: सोडणे संपले, तूट नाही

डिसेंबरपर्यंत वरच्या धरणांचे देणे कागदावर चुकते झाले. मग वरच्या शेतकऱ्याची कपात संपली का? नाही. एकदा धरणातून गेलेले पाणी त्या वर्षीच्या आवर्तनांतून वजा होते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने ठरतात तेव्हा शिल्लक कमी असते, पिण्याचे आरक्षण आधी काढून ठेवावे लागते, आणि मग जे उरते ते चाऱ्यांना. राहाता, कोपरगावकडचे गोदावरी कालवे ब्रिटिश काळापासूनचे आहेत, तिथे बारमाही ब्लॉकची, म्हणजे वर्षभर पाणी मंजूर असलेल्या उसासारख्या पिकांच्या क्षेत्राची, सवय जुनी. आवर्तन हुकले की ऊस जगवायला विहिरी उपसल्या जातात, विहिरी आटल्या की बोअर. म्हणजे नोव्हेंबरात सुरू होऊन थोडेच दिवस चाललेल्या विसर्गाची कपात त्या शेतावर जूनपर्यंत चालते. ती कधी उठली, तर पुढचा पाऊस पडला तेव्हा. त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, आणि मागूनही तसा आदेश मिळत नाही.

खाली उलटी स्थिती. पाणी आले, पण साठ्याची रेषा खालीच जात राहिली. २०२४ च्या उन्हाळ्यात राज्यात तीन हजारांहून अधिक टँकर चालू होते आणि त्यांतले सर्वाधिक छत्रपती संभाजीनगर आणि जालना या जिल्ह्यांत होते. जूनमध्ये जायकवाडीचा उपयुक्त साठा पाच टक्क्यांच्या आसपास राहिला. याच महिन्यांत लोकसभेची निवडणूक होती. पाण्यावर बोलणारे पुष्कळ होते, आचारसंहितेमुळे निर्णय घेणारे थोडे.

दुष्काळ जाहीर करण्याची यंत्रणाही इथे आठवावी. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने प्रवेशाचे दार नीट आखले आहे: पर्जन्याचा पहिला ट्रिगर, पीक-पाणी-ओलाव्याच्या निर्देशांकांचा दुसरा, मग दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पडताळणी, मग जाहीर करणे. त्यामागून सवलती येतात: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत ढील, टँकर. बाहेर पडण्याच्या दारावर मात्र फक्त घड्याळ टांगलेले आहे. असे आदेश साधारणपणे सहा महिन्यांच्या मुदतीचे असतात. ऑक्टोबरअखेर निघालेल्या आदेशाचे सहा महिने एप्रिलअखेर भरतात, आणि पैठणच्या पलीकडे खरा कडाका पडतो तो मेमध्ये. आत येताना तीन चाळण्या, बाहेर जाताना कॅलेंडर, ही रचना कुणी मुद्दाम केली असेल असे मला वाटत नाही. ती नुसती राहून गेली आहे.

कपातीला शेवटची तारीख आधीच घालण्याचे एक जुने उदाहरण याच खोऱ्यात आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात केली, ती जूनपर्यंतची. तारखेमागे गृहीतक एकच: तोवर पाऊस येईल. मराठवाड्यात जूनवर एवढा भरवसा टाकायचा म्हणजे धाडसच, पण निदान आदेशात शेवट लिहिलेला होता. उद्योगाला माहीत होते किती दिवस तग धरायचा आहे.

शेवट आला कुठून

२०२४ चा पाऊस आधी नाशिककडे पडला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गंगापूर, दारणा भरत आली, सांडव्यांवरून आणि दरवाज्यांतून विसर्ग सुरू झाला, आणि नांदूर मधमेश्वर ओलांडून गोदावरी पैठणकडे निघाली. ऑगस्टअखेर पुन्हा जोर आला. सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यातही मुसळधार झाली. पाच टक्क्यांवरचे धरण तीन महिन्यांत भरले.

इथे दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, ज्या पाण्याने अट उठवली ते वरच्यांनी 'दिलेले' नव्हते. ते त्यांना अडवता न आलेले पुराचे पाणी होते. नोव्हेंबरात साडेआठ टीएमसीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली आणि ऑगस्टात त्याच्या कितीतरी पट पाणी आपोआप, कुणाला न विचारता, खाली गेले. त्यामुळे जायकवाडी भरल्याचा आनंद होतो तो पावसाचा, तक्त्याचे आभार कुणी मानत नाही. तक्ता फक्त वाईट वर्षात दिसतो आणि म्हणून तो वाईट वाटतो.

दुसरे म्हणजे, ६५ ही रेषा पैठणच्या पट्टीवर आहे. रेषा ओलांडली त्या ऑगस्टअखेर माजलगाव, मांजरा ही धरणे अजून अर्धीही भरली नव्हती. नाशिकच्या घाटात पडलेल्या पावसाने जायकवाडी भरते, पण जालना जिल्ह्यातल्या बदनापूरची विहीर भरत नाही. कालव्याला पाणी सुटून, जमिनीत मुरून, विहिरीला पाझर फुटेपर्यंत आणखी महिने जातात, आणि जिथे कालवा जातच नाही तिथे ते कधीच होत नाही. म्हणून त्या सप्टेंबरात टंचाई 'संपल्या'च्या किमान चार तारखा होत्या: नाथसागराची, वरच्या शेतकऱ्याच्या आवर्तनाची, महसुली सवलतींची आणि विहिरीची. चारही वेगळ्या. आपल्या नियमाला त्यांतली एकच दिसते.

आणि ती दिसते तीही वर्षातून एका दिवशी, एका पायरीवर. ६४ टक्के असेल तर सोडा, ६५ असेल तर नको. मागच्या वर्षीची तूट पुढे ओढली जात नाही, आधीचे दोन उन्हाळे कसे गेले याची नोंद कुठेच धरली जात नाही. दरवर्षी पाटी कोरी. हिशेब सोपा राहतो हा त्याचा फायदा, आणि तो लहान नाही. पाण्याच्या भांडणात ज्याला शेंबड्या पोरालाही समजावता येते तो नियमच टिकतो.

अमेरिकेतल्या डेलावेअर नदीचे उदाहरण इथे एका मुद्द्यापुरते घेतो. चार राज्ये आणि न्यूयॉर्क शहर यांच्यात १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याने ती नदी वाटली आहे. वरच्या तीन धरणांचा एकत्रित साठा ठरलेल्या रेषांखाली गेला की टंचाईचे टप्पे लागतात, आणि शहराने उचलायचे पाणी दिवसाला ८० कोटी गॅलनांवरून ६८, मग ५६, मग ५२ कोटींवर येते. त्याच वेळी खालच्या राज्यांना मिळायचा किमान प्रवाहही पायरीपायरीने घटतो, म्हणजे झळ दोघांना. माझ्या कामाचा भाग पुढचा आहे: टप्पा उठवण्याची रेषा लागण्याच्या रेषेवर नसते. साठा तिच्या बराच वर जाऊन काही दिवस तिथे टिकावा लागतो, तेव्हा बंधन सैल होते. एका सरीने उठले आणि आठवड्यात पुन्हा लागले, असे होऊ नये म्हणून. आपल्याकडचे तक्ते तयार करणारे अभियंते हे जाणत नाहीत असे नाही. आपल्याकडे रेषेचा प्रश्न अभियंत्यांच्या टेबलावर फार वेळ राहतच नाही.

७ टक्क्यांचे भांडण

तक्त्याचा फेरआढावा घ्यायचा, हे पहिल्यापासून ठरलेले होते. २०२३ मध्ये मांदाडे समिती नेमली गेली, २०२४ मध्ये तिने अहवाल दिला आणि तो प्राधिकरणाने हरकतींसाठी खुला केला. शिफारस अशी की जायकवाडीची रेषा ६५ वरून ५८ टक्क्यांवर आणावी. मराठवाड्यातून जोरदार विरोध झाला, वरून स्वागत.

७ टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने सुमारे ५.३७ टीएमसी. जवळजवळ दारणा धरणाच्या तीन चतुर्थांश. पण माझ्या वाचनात त्या सात टक्क्यांचा खरा अर्थ पाण्याच्या मापात नाही. अट उठण्याची जागा खाली आणणे, हा त्याचा अर्थ. ४७ टक्क्यांच्या वर्षी ५८ ची रेषा असती तरी वरून पाणी सोडावेच लागले असते, कमी सोडावे लागले असते. फरक पडतो तो ६० किंवा ६२ टक्क्यांच्या वर्षी: आज त्या वर्षी वरच्यांना काहीतरी द्यावे लागते, उद्या काहीच नाही. म्हणजे हा बदल सर्वात वाईट दुष्काळाबद्दल नाहीच. तो 'बऱ्यापैकी' वर्षांबद्दल आहे, आणि आपल्याकडे अशी वर्षे जास्त असतात. दोन्ही बाजूंचे जाणते लोक हे ओळखून आहेत. भाषणे मात्र २०१२ आणि २०१५ च्या दुष्काळाची होतात.

मला विचाराल तर ६५ की ५८ यापेक्षा पायऱ्या हव्यात: ६५ च्या खाली थोडे, ५८ च्या खाली जास्त, आणि सोडल्याचे माप दोन ठिकाणी, वरच्या दारात आणि फुगवट्याच्या तोंडाशी. वहनव्यय ठरलेल्या प्रमाणात दोघांच्या खात्यावर. याने भांडण मिटणार नाही. पण भांडायला दोघांसमोर एकच आकडा असेल.

१५ ऑक्टोबर २०२४ ला जायकवाडी भरलेले होते. त्या वर्षी हिशेबाची वहीही उघडायची गरज पडली नाही. समितीचा अहवाल तेव्हा प्राधिकरणाकडे पोहोचलेला होता आणि नाथसागराच्या काठावर लोक दरवाज्यांतून सुटणारे पाणी बघायला गर्दी करून गेले होते. भरल्या धरणाकडे पाठ करून त्या शिफारशींवर हरकती लिहायची वेळ त्यानंतर आली.